पाहणीत आढळलेला इसम

१

सकाळी शटर वर ढकलायचं, हौदातलं पाणी बघायचं, शेगडी पेटवायची, डाखाची कांडी मोडून हाताशी ठेवायची. एवढं धाकट्याचे हात आपोआप करत. बाकी त्याचं कशात लक्ष नव्हतं. दादा जाऊन पाच आठवडे झाले होते आणि लोक अजून गाड्यांचे गळके रेडिएटर आणून टाकत होते. जगाला काही फरकच पडला नव्हता, आणि याचाच धाकट्याला राग येत होता.

काम दादानेच शिकवलेलं. रेडिएटरची तोंडं बंद करायची, एकातून हवा सोडायची, हौदात बुडवायचा आणि गप्प बघत बसायचं. बुडबुडा जिथून निघेल तिथे खडूची खूण, मग डाख वितळवून भोक बुजवायचं. शाळेत धाकटा चौथीच्या पुढे सरकला नाही. या हौदापाशी मात्र त्याला कधी कोणी ढ म्हटलं नाही.

घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे दुकान, मधे वहिनीचं स्वयंपाकपाणी आणि झोपणं, मागे दादाची खोली. धुराने खोकला जडला तेव्हापासून दादा मागेच झोपे. त्या खोलीला बोळात उघडणारं वेगळं दारही होतं. दुपारी तीनला दादा भिंतीवर अंगठीने दोनदा टकटक करी, म्हणजे वहिनीने चहा न्यायचा. शेवटच्या दुपारीही टकटक झाली होती. वहिनी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होती. आले आले, म्हणाली, आणि दहा मिनिटांनी गेली.

धाकटा तेव्हा परगावी होता. तीन वर्षांपूर्वी क्षुल्लक कारणावरून दादाशी भांडून, ताटावरून उठून तो गेला होता. आला तो खांदा द्यायलाच. आल्यापासून मागच्या खोलीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

२

घराचा कागद त्यांचा कधीच नव्हता. तेरा वर्षांपूर्वी दादाने भर दुपारी, अख्ख्या रस्त्यादेखत हातोडा घालून गंजकं कुलूप फोडलं आणि आत सामान टाकलं. कागदावरचा मालक लांब कुठे तरी राहायचा, त्याने जागेकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आजूबाजूला भाव वाढले तेव्हा त्याला आपलं घर आठवलं आणि त्याने कोर्टात दावा लावला.

त्यांच्या वकीलसाहेबांनी समजावून सांगितलं होतं की कायद्यात याला प्रतिकूल ताबा म्हणतात. बारा वर्षं सलग, उघडपणे, मालकाच्या नाकावर टिच्चून राहिलात, एक दिवसाचा खंड पडू दिला नाहीत, तर जागा तुमची. मालकाला विचारून राहिलात तर शंभर वर्षांनीही पाहुणेच. मालकानेही हे कोणाकडून तरी जाणून घेतलं असावं, कारण त्याने एकदा साळसूदपणे पत्र पाठवलं होतं, की खुशाल राहा, फक्त माझ्या परवानगीने राहतो एवढं लिहून द्या. दादाने त्या पत्राने शेगडी पेटवली होती.

आता सगळं मागच्या खोलीवर येऊन अडलं होतं. मालकाचं म्हणणं, ती खोली कायम बंद, तिथे कोणी राहतच नाही. ते खरं धरलं गेलं तर सगळ्या साक्षी खोट्या ठरणार आणि तिन्ही खोल्या जाणार. वहिनीला ना माहेर उरलं होतं ना मूलबाळ. घर गेलं की ती रस्त्यावर.

म्हणून कोर्टाने पाहणीसाठी माणूस धाडला. हा पाहणी अधिकारी सडपातळ आणि मवाळ होता, बोलण्याआधी पेनाचं टोपण काढायचा आणि बोलून झालं की लावायचा. त्याच्याबरोबर मालकाचा कारकून आला होता. तो दुकानात पाय ठेवल्यापासून नाकाला रुमाल लावून होता. दोन खोल्या बघून झाल्यावर कारकून बंद दाराकडे बोट करून म्हणाला, "साहेब, ही मेलेल्या माणसाची खोली. पाच आठवडे इथे चिटपाखरू नाही. बघून टाका आणि मोकळे व्हा."

मेलेला हा शब्द धाकट्याने अजून स्वतःच्या तोंडानेही उच्चारला नव्हता. त्याच्या डोक्यात सणक गेली.

"राहतो," तो म्हणाला. "माणूस राहतो तिथे. बारा वर्षं. एक दिवस चुकला नाही."

अधिकाऱ्याने टोपण काढलं. "आता आहे?"

"झोपलाय."

"नाव काय?"

"घरचाच आहे."

वहिनीचे ओले हात पदरातच राहिले. मागच्या खोलीत नुसती खाट होती, गादीसुद्धा तिने गुंडाळून ठेवली होती. अधिकारी बोळातून वळसा घालून गेला. कारकून मागे निघाला तर अधिकाऱ्याने त्याला थांबवलं, झोपलेल्या माणसापाशी गर्दी नको म्हणून. दार वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. धाकट्याला वाटलं, संपलं. आपल्या जिभेने भावाचं घर घालवलं.

अधिकारी परत आला तो कागदावर लिहीतच. त्याने आवाज खाली आणला होता, पलीकडच्या खोलीत कोणी निजलं असलं की माणूस आणतो तसा. "इथे सही करा," एवढंच म्हणाला. धाकट्याने न वाचता सही केली. अक्षरांशी त्याचं कधीच जमलं नव्हतं, तो नेहमी न वाचताच सही करी.

३

चार दिवसांनी वकीलसाहेबांनी अहवालाची प्रत टेबलावर ठेवली आणि खूश होऊन धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या खोलीत फायली जमिनीपासून खिडकीपर्यंत रचलेल्या होत्या आणि बसायला एकच खुर्ची होती, ती वहिनीला दिली.

"शाब्बास. कोणाला झोपवलं होतं?" मग त्यांनी स्वतःच हात वर केला. "नको, मला सांगू नका. मला माहीत नसलेलं बरं."

अहवाल वहिनीने वाचला. मागील खोलीत खाटेवर एक इसम झोपलेला आढळला. वय अंदाजे साठ. अंगावर चादर. खुंटीवर कपडे, उशाशी पाण्याचा तांब्या. सदर इसम तेथे कायम राहत असल्याचे दिसते.

दादा एक्केचाळीसचा होता.

धाकट्याने सांगून टाकलं की खोलीत कोणीच नव्हतं, आपण खोटं बोललो, या माणसाने एक तर दुसऱ्याच घरात डोकावलं असेल नाही तर त्याला दिवसाढवळ्या स्वप्न पडलं असेल. वकीलसाहेब हसले. असंच असतं म्हणाले, पाहणीवाले दारातून डोकं घालतात आणि उरलेलं घरी जाऊन लिहितात. आपल्या बाजूचं लिहिलंय ना, मग देव पावला समजा. त्यांनी बोळाच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचीही साक्ष तयार करून ठेवली होती. मागच्या गृहस्थांना आपण बारा वर्षं बघतो, असं ते सांगणार होते.

धाकट्याने विचार केला आणि त्याला ते पटलं. माणूस आळशी असतो, खोटं लिहितो. यात न पटण्यासारखं काय होतं? फक्त परत येताना वहिनी चालता चालता थांबली आणि तिने विचारलं, "भाऊजी, तांब्या माझ्याकडे मोजून तीन आहेत. तिसरा मला चार दिवस सापडत नाहीये. तुम्ही घेतलात का?"

४

त्या आठवड्यात धाकटा दुपारचं जेवून हौदापाशी बसला होता. एका जुन्या रेडिएटरमधून सुईएवढा बुडबुडा येत होता आणि तो नेमका कुठून येतो ते कळत नव्हतं. मान खाली घालून तो इतका गढला होता की मधल्या खोलीतून टकटक ऐकू आली तेव्हा त्याला काहीच विशेष वाटलं नाही. दोनदा. मग भांड्यांचा आवाज, मग वहिनीच्या बांगड्या. हे सगळं इतकं रोजचं होतं की तिसरा बुडबुडा वर येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही, आणि मग हातातला रेडिएटर हौदाच्या तळाशी गेला.

मधल्या खोलीत वहिनी ओट्याला टेकून उभी होती. मागच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर एक रिकामा कप होता.

हे कधीपासून, असं त्याने विचारलं. पाहणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, ती म्हणाली. ती कप दाराशी ठेवते आणि पाठ करून उभी राहते. कप परत येतो.

आनंदाने धाकट्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. कारण त्याच्या मनात एकच माणूस आला. त्याने धावत जाऊन कप उचलला. कप ओला होता, आत चहाचा थेंब नव्हता, कडेला डाग नव्हता. स्वच्छ घासलेला होता.

दादाने जन्मात कधी कप धुतला नव्हता.

"तो दादा नाही, वहिनी."

"मी कुठे म्हटलं ते आहेत?"

"मग चहा कोणाला देता?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. दादा गेल्यापासून तिने त्याला एका शब्दाने दुखावलं नव्हतं, ती कसर तिने आता भरून काढली. "तीन वर्षं कुठे होतात तुम्ही, भाऊजी? फोन केलात एक? त्या दिवशी टकटक झाली आणि मी म्हटलं, आले. आता टकटक होते आणि मी लगेच जाते. कोण आहे ते मला कळायला नको. मला उशीर होत नाही, एवढं पुरे."

त्यानंतर धाकटा भिंतीला कान लावून बसू लागला. हातातली कामं पडून राहिली, गिऱ्हाइकं शिव्या घालून रेडिएटर परत नेऊ लागली. आतून अगदी साधे आवाज येत. चूळ भरल्याचा. वजनदार माणूस कुशीवर वळला की खाट करकरते, त्याचा. पायांत चपला सरकवल्याचा. एकदा खोकलाही आला. दादाच्या खोकल्याला शेवटी बारीक शीळ असायची, भोक पडलेल्या नळीसारखी. ती येईल म्हणून तो श्वास रोखून थांबला. पण तो खोकला कोरडा होता, पोट भरलेल्या माणसाचा, आणि शीळ आलीच नाही.

५

विचार करून वागणं धाकट्याच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सळई उचलली आणि मागच्या खोलीचं मधलं दार लाथेने उघडलं.

खोलीत कोणी नव्हतं. पण ती रिकामी नव्हती.

दादाचे कपडे घड्या घालून दाराशी ठेवले होते, कोणी तरी येऊन घेऊन जावेत म्हणून ठेवतात तसे. त्यावर दादाची अंगठी होती. खाट डाव्या भिंतीची उजव्या भिंतीला गेली होती. खुंटीवर भल्या मोठ्या मापाचा सदरा, कॉलर घामाने अजून ओली.

हे सगळं कोणी तरी आणून ठेवू शकतं, धाकट्याने स्वतःला बजावलं. मालकाचं कारस्थान असेल. तो कारकून असेल. बोळातून शिरायला किती वेळ लागतो? मग त्याची नजर जमिनीवर गेली. खाटेसमोर फरशी दोन जागी झिजली होती, पावलांच्या आकाराची. रोज सकाळी उठून माणूस वर्षानुवर्षं जिथे पाय टेकतो तिथे पडतात तशा दोन गुळगुळीत खळग्या. त्याने त्यांत आपले पाय ठेवून पाहिले. त्या मोठ्या होत्या. मागे भिंतीवर पाठ टेकण्याचा तेलकट डाग होता. दाराच्या चौकटीवर हात धरण्याची जागा काळी पडली होती, दादाचा हात पोचला नसता इतक्या उंचीवर.

खाट तर तेरा वर्षं डाव्या भिंतीला होती. आणि पाहणी होऊन अकरा दिवस झाले होते.

धाकट्याने सदरा बोळात भिरकावला, बोळाच्या दाराला बाहेरून नवं कोरं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुपारी तो वायर आणायला बाजारात गेला तेवढाच. परत आला तेव्हा कुलूप उंबऱ्याबाहेर पडलं होतं, कडी वाकलेली, अंगावर हातोड्याचे तीन घाव.

बोळाच्या तोंडाशी घड्याळजींचं दुकान. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. मान न उचलता म्हणाले, "त्यांनीच फोडलं की मघाशी. भर दुपारी केवढा आवाज. मला वाटलं, किल्ली हरवली असेल."

"कोणी फोडलं, काका?"

"तुमच्या मागच्यांनी."

धाकट्याने त्यांचा हात धरला. हे साक्षीसाठी पाठ केलेलं मला ऐकवू नका, शपथेवर सांगा, कोणाला पाहिलंत, असं तो म्हणाला. घड्याळजींनी भिंग काढलं. ते धाकट्याकडे नाही, बोळाकडे बघत होते.

"वकिलांनी माझ्याकडून दहा वेळा वदवून घेतलं रे. बारा वर्षं बघतो, बारा वर्षं बघतो. आता मला आठवतंय सुद्धा. सकाळी दात घासायला बाहेर उभे असायचे. दादा तुझा त्यांच्याशी बोलायचा नाही कधी." त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. "आधी आठवत नव्हतं, हे खरं."

६

वहिनीने हात जोडले, घालून पाडून बोलली, पण धाकट्याने ऐकलं नाही. तो पाहणी अधिकाऱ्याच्या कचेरीत गेला आणि उभ्या उभ्या सांगितलं की मी खोटं बोललो, खोलीत कोणी राहत नाही, तुम्ही या आणि तसं लिहा. घर गेलं तर जाऊ दे. पण दादाची खाट कोणी हलवायची नाही.

अधिकाऱ्याने टोपण काढलं. म्हणाला, बघू. नसेल कोणी, तर तसं लिहू. त्यात काय.

तो तीनच्या सुमाराला आला. वहिनी भिंतीला धरून बोळात उभी राहिली. बोळात ऊन होतं, खोलीत अंधार. अधिकाऱ्याने दारावर बोटाने वाजवलं आणि धाकटा म्हणणारच होता की वाजवता कोणाला, तोवर अधिकाऱ्याने चपला काढल्या आणि तो आत गेला. दार त्याने अर्धं ओढून घेतलं.

आतलं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. अधिकारी विचारत होता, थांबत होता, लिहीत होता. थांबे तेव्हा कोणी उत्तर देत होतं की नाही, हे धाकट्याला सांगता आलं नसतं. तो अर्ध्या उघड्या दारापाशी सरकला.

खाटेवर पाठमोरा माणूस बसला होता. मानेवरचे केस नुकतेच कापलेले, पाणी लावून विंचरलेले. तो सदऱ्यात हात घालत होता, सावकाश, आपल्या घरात बसलेल्या माणसासारखा. दोन्ही पावलं बरोबर त्या खळग्यांत होती. अधिकाऱ्याने कागद पुढे केला. माणसाने मान वळवली नाही. नुसता हात खांद्यावरून मागे आणला आणि पेनासाठी उघडा धरला. हात मोठा होता, स्वच्छ होता, त्यावर कधी कुठलं काम केल्याची एक खूण नव्हती. बोटं मिटली आणि पेन घेऊन हात पुढे गेला. धाकटा मागे झाला तो वहिनीच्या अंगावर आदळला.

बाहेर येऊन अधिकाऱ्याने जबाब वाचून दाखवला, त्याच दबक्या आवाजात. मी या खोलीत बारा वर्षांहून अधिक काळ राहतो. मी कोणाची परवानगी घेतलेली नाही. मधल्या खोलीतील बाई व पुढील दुकानातील इसम हे माझ्या परवानगीने राहतात. त्यांना राहू देण्यास माझी हरकत नाही.

"खाली तुमची दोघांची सही लागेल," तो म्हणाला. "मान्य नसेल तर तसं सांगा. मग खोली रिकामी होती आणि तुमची पहिली सही खोटी होती, असं मला लिहावं लागेल."

"पण आत माणूस आहे," धाकटा म्हणाला.

"आहे ना?" अधिकाऱ्याने विचारलं. "मग अडचण काय?"

धाकट्याने मनात हिशेब केला. नाही म्हटलं तर घर कागदावरच्या मालकाचं. हो म्हटलं तर या पाठमोऱ्याचं, आणि आपण दोघं त्याचे पाहुणे. दादाने तेरा वर्षं धूर खाल्ला, कोणापुढे मान वाकवली नाही, ती दोन ओळींत वाकणार होती. त्याने कागद फाडायला हात पुढे केला. वहिनीने तो धरला.

तिने पेन घेतलं आणि आधी स्वतःची सही केली. मग पेन त्याच्या मुठीत कोंबलं.

"तो मालक दोन दिवस राहू देणार नाही," ती हळू म्हणाली. "हा निदान देतोय. करा सही, भाऊजी. मला कुठे जायला जागा आहे?"

जी बाई एका चुकलेल्या चहासाठी स्वतःला जाळत होती तिच्या डोळ्यांत आता नुसती भीती होती, आणि ती भीती बेघर होण्याची होती, आतल्याची नव्हती. धाकट्याने सही केली. या वेळी त्याने अक्षर अन् अक्षर वाचून केली.

७

अधिकारी गेला. वहिनीने चहा टाकला, तीन कप मांडले. धाकट्याला तिथे बसवेना.

आत जाऊन खाट परत डाव्या भिंतीला लावायची, दादाचे कपडे खुंटीला टांगायचे, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याने ठरवलं आणि तो मधल्या दाराशी गेला. सळई घेतली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. लाथ मारायची ताकद त्याच्या पायात होती. पण हात वर गेला आणि त्याने बोटाने दारावर वाजवलं. तोंडून शब्द निघाले ते त्याचे त्यालाच परके वाटले.

"येऊ का?"

खाट करकरली. खोकला आला आणि या वेळी त्याच्या शेवटी बारीक शीळ होती.

"आता नको," आतून दादा म्हणाला, दारावर आलेल्या अनोळखी माणसाला सांगतात तितक्या सौजन्याने. "कोण पाहिजे आपल्याला?"